नावं संपेपर्यंत

वैशाख लागला की आमच्याकडे आंब्यांच्या आधी पत्रिका येतात. पूर्वी त्या दाराच्या कडीत खोचलेल्या सापडायच्या, एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेल्या. आता फोनवर येतात. त्यात सनई वाजते, पाकळ्या उडतात आणि नवरानवरी एकमेकांभोवती गिरक्या घेऊन थांबतात. परवा माझ्या धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या मुलीच्या लग्नाची अशीच पत्रिका आली. मी चष्मा शोधेपर्यंत माझ्या लेकीने ती उघडली, तारीख बघितली, कार्यालय बघितलं, आणि अंगठ्याने पुढचं सगळं ढकलून फोन माझ्या हातात दिला. पुढे काय आहे विचारलं, तर म्हणाली, नुसती नावं आहेत.

हीच मुलगी टीव्हीवर खुनाच्या मालिका बघते आणि प्रत्येक भागाला सुरुवात वगळायचं बटण दाबते. कुणाच्या घरी जाऊन दारातून न शिरता खिडकीतून थेट माजघरात उडी मारावी, तसं ते मला वाटतं. पण तिला बोलून काय उपयोग? ती चार वर्षांची असताना तात्या गेले. नावांचा धाक तिला कुणी घातलाच नाही.

तात्या म्हणजे माझे वडील. आळेफाट्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलवर मधे बांधून घेऊन यायचे, आणि तात्या तिच्यातली काळी पडलेली तार उपसून नवी तार भरायचे. दुकानात कायम व्हार्निशचा वास असायचा आणि तो त्यांच्याबरोबर घरी यायचा. मोटार दुरुस्त झाली की ते ती एकदाच सुरू करायचे, डोळे मिटून कान लावायचे आणि बंद करायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, जरा चालवून तरी दाखवा. तात्या म्हणायचे, "चालू व्हताना जो पयला आवाज करती ना, त्यात ती समदं सांगून टाकती. म्होरं नुसती फिरती."

पिक्चरचंही त्यांचं हेच म्हणणं होतं. नव्वद सालानंतर आमच्याकडे केबल आली. केबलवाला रविवारी दुपारी स्वतःच्या पसंतीचा पिक्चर सोडायचा, आणि त्याची पसंती खून, चोरी, हरवलेला वारस आणि बंद बंगला यांच्या पलीकडे जात नसे. तात्या आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, देवळात बसावं तसे मांडी घालून टीव्हीसमोर बसायचे. नावं सुरू झाली की घरात कुणी हलायचं नाही. आई भाकरी टाकून पिठाच्या हाताने यायची. नंदा आणि मी भिंतीला टेकून बसायचो. पाणी प्यायला उठायचं ते दिग्दर्शकाचं नाव गेल्यावर.

त्या दोन-तीन मिनिटांत तात्या पिक्चरची पूर्ण नाडी बघायचे. अक्षरं लाल असली आणि थरथरत आली तर खून नक्की. पिवळी, गोलसर असली तर कौटुंबिक, त्यात आजारपण. अक्षरं तिरकी नाचत आली तर विनोदी, म्हणजे तात्या दुकानात परत जायला मोकळे. नावांच्या मागे रिकामा रस्ता आणि एकच गाडी दिसली, की गाडीतला माणूस घरी पोहोचत नाही. नुसता हातमोजा घातलेला हात दिसला, की तो हात घरातल्याच कुणाचा तरी असतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यांना गोड बोलणाऱ्याचा. माणूस पहिल्यांदा पाठमोरा दाखवला, तर पूर्ण पिक्चर त्याच्याभोवती फिरणार. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेवटचं नाव. सगळी नावं दोन-दोन, चार-चार येऊन जातात, मग पडदा क्षणभर रिकामा होतो, ‘और’ असा शब्द येतो, आणि एकच नाव. त्या नावाला तात्या मान खाली घालायचे. त्यांच्या मते तो माणूस पिक्चरमध्ये दहाच मिनिटं असला तरी मालक तोच.

एकदा लाइट गेली आणि नावं संपल्यावर आली. पिक्चर सुरू झालेला होता. त्यात एक काका अनाथ पुतणीला रोज दूध पाजायचा. तात्यांना तो कौटुंबिक वाटला. टॉवेलाने डोळे पुसत ते दीड तास त्या काकाला देवमाणूस म्हणत राहिले, आणि मग काकाने पलंगाखालून दोरी काढली. तात्यांना तो धक्का सोसला नाही. ते चार दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. नावं बघितली असती तर त्या माणसाच्या हातचं दूध आपण घेतलंच नसतं, असं ते आईला सांगत होते, जणू रोजचा पेला त्यांनाच मिळत होता.

आम्ही हसायचो, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जिना तोच असतो. नावांच्या मागे सनई वाजली असेल तर त्या जिन्यावरून नवरी उतरते. नावांच्या मागे नुसता घड्याळाचा ठोका असेल तर त्याच जिन्यावरून कुणीतरी गडगडत येणार, आणि आपण पहिल्या पायरीपासून कठडा धरून बसतो. सुरुवातीची नावं गोष्ट सांगत नाहीत. गोष्टीकडे कसं बघायचं एवढं सांगतात. मला हे फार आवडायचं. खुनी कोण याच्यापेक्षा खुनाची चाहूल कशी लावली, याचंच मला अप्रूप होतं.

म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स झाल्यावर मी नारायणगावात पोपटभाऊंच्या स्टुडिओत लागले, तेव्हा मला वाटलं आपलं नशीब उघडलं. काम होतं लग्नाच्या कॅसेटवर नावं टाकायचं. पण पोपटभाऊंची सुरुवात ठरलेली होती: गणपती, फिरणारे दोन बदाम, गुलाबाच्या पाकळ्या आणि पत्रिकेतली सगळी नावं पत्रिकेच्याच क्रमाने. एका लग्नसराईत मी चाळीस लग्नांना तीच सुरुवात लावली. कुठल्या लग्नात पुढे काय होणार याचा त्यावरून काही अंदाज येत नसे, आणि दोन-तीन लग्नांच्या बाबतीत तो यायला हवा होता.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडची पत्रिका ज्यांनी बघितली नाही त्यांना एक सांगते. तिच्यात वधूवरांची नावं असतात, पण ती शोधावी लागतात. बाकी सगळी जागा भावकीची. आशीर्वाद देणारे, निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, मामाकडचे, आत्याकडचे, झालंच तर तरुण मंडळ. पत्रिका हातात आली की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो, मग आपल्या वर कोण आहे ते बघतो आणि मग ठरवतो लग्नाला जायचं की नाही.

नंदाचं लग्न ठरलं घोडेगावच्या बाजूला. स्थळ चांगलं होतं. घर एकत्र, आणि घराचा कारभार नवऱ्याच्या थोरल्या चुलत्यांच्या हातात. त्यांना सगळे गेनभाऊ आबा म्हणत. ताठ माणूस, फेटा कधी वाकडा नाही. त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरातलं मांजरही जात नसे. पत्रिका तात्यांनी छापून घेतली. नावात चूक नको म्हणून त्यांनी प्रूफ दोन्हीकडच्या भावकीत फिरवलं. अकरा माणसांनी ते तपासलं. प्रत्येकाने आपापलं नाव बघितलं, बरोबर आहे म्हटलं आणि सही केली. आबांना मात्र कुणी दाखवलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला प्रूफ वाचायचा त्रास कशाला द्यायचा, म्हणून. पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर कळलं की राहिलेलं नाव एकच आहे आणि ते आबांचं आहे.

आबा लग्नाला आले. पण मांडवात व्यासपीठाकडे पाठ करून बसले, आणि मानाचा टॉवेल-टोपी आणली तर तिच्याकडे बघितलंही नाही. तात्या हात जोडून समोर उभे राहिले. आबा म्हणाले, "पत्रिकेत आमी नाय, मग सोयरिकीत बी नाय. आमाला काय इचारू नका."

वाक्य साधं होतं, पण त्यातली मेख पुढे कळली. पहिल्या आखाडात नव्या सुनेने माहेरी येऊन राहायचं, ही आमच्याकडची रीत. तिला न्यायला जायचं तर आबांना विचारायला हवं, आणि आबांनी तर विचारू नका म्हणून सांगितलेलं. व्याही म्हणायचे, आबांनी हो म्हटलं तर आमची ना नाही. तात्या दोनदा जाऊन चहा पिऊन परत आले. नंदाचा शेजारच्या दुकानात फोन यायचा. ती पावसाचं बोलायची, म्हशीचं बोलायची, आणि शेवटी विचारायची, रविवारी कुठला पिक्चर लागला होता? मी सांगायची, अक्षरं कुठल्या रंगाची होती तेही सांगायची. आई उगाचच नंदाची ताटली धुऊन परत मांडणीवर ठेवायची. आखाड जवळ येत होता आणि मला फार भीती वाटत होती, की ही अढी एकदा बसली तर जन्माची बसेल.

मग एक दिवस तात्या व्हार्निशच्या हातानेच स्टुडिओत आले. नंदाच्या कॅसेटचं काम अजून माझ्याकडे पडून होतं. ते म्हणाले, "पत्रिकेत राह्यलं ते राह्यलं. कॅशेटीत आबांचं नाव आसं टाक, की मानूस जल्मात इसरला नाय पायजे."

मला एवढंच हवं होतं. पोपटभाऊ जेवायला गेल्यावर मी बदाम काढून टाकले, पाकळ्या काढून टाकल्या आणि नंदाच्या लग्नाचं शूटिंग नव्या नजरेने बघायला लागले. तेव्हा लक्षात आलं की लग्नात रहस्यपटाचं सगळं सामान तयार असतं. नवरदेवाच्या हातात कट्यार असते, आणि तिच्या टोकाला लिंबू. मुंडावळ्यांच्या आडून अर्धेच डोळे दिसतात. अंतरपाटामागे कुणीतरी उभं असतं, पण दिसतात फक्त पाय. स्वयंपाकाच्या मांडवात धूर, त्यातून एक उघडा माणूस भला मोठा झारा घेऊन येतो. मी हे सगळं हळू केलं, रंग काढून काळंपांढरं केलं. सनईऐवजी आवाज लावला तो तात्यांच्या दुकानातल्या मोटारीचा. टेपरेकॉर्डर नेऊन मुद्दाम भरून आणला होता. आधी गुरगुर, मग चढत जाणारी घरघर. त्यावर दोन-दोन, चार-चार लाल नावं, थरथरत.

शेवटी रिकामा मांडव ठेवला. त्यात एकच खुर्ची आणि खुर्चीत पाठमोरे आबा. आठव्या दिवशी पोपटभाऊ जेवून आले, त्यांनी ते बघितलं आणि मटकन बसले. म्हणाले, "ताई, रुसल्याल्या मानसाची पाठ दावतीस व्हय?" मी त्यांना समजावलं की मुख्य माणूस पहिल्यांदा पाठमोराच दाखवतात. त्यांनी मला दोनदा विचारलं की हे नक्की लग्नच आहे ना.

आखाड आठ दिवसांवर असताना आम्ही कॅसेट घेऊन गेलो. दुपारची वेळ, बाहेर भुरभुर. ओसरीवर सगळी भावकी जमलेली, मधल्या दिवाणावर आबा, हातात काठी. आग्रह करून करून त्यांना बसवलं होतं. नंदा डोक्यावरून पदर घेऊन चहाचा ट्रे फिरवत होती. माझ्याकडे बघून तिने फक्त भुवई उडवली.

कॅसेट सुरू झाली. कट्यार आली, लिंबू आलं आणि ओसरी चिडीचूप झाली. नंदाच्या सासूने हळूच विचारलं, ही आपलीच कॅसेट आहे का? नवरदेव स्वतःचे डोळे बघून दचकले. एका म्हातारीने नातवाला जवळ ओढलं. मोटार घरघरायला लागली तशी तात्यांची मान वर झाली आणि ते माझ्या कानाशी पुटपुटले, ही तर आपल्या तीन हॉर्सपॉवरची, हिचं बेअरिंग गेलेलं. मग नावं लागली. ज्याचं नाव येई तो जरा सावरून बसे. आशीर्वाद देणारे गेले, निमंत्रक गेले, मामा गेले, तरुण मंडळसुद्धा गेलं. आबांचं नाव नाही. तात्यांनी माझा दंड धरला. मी त्यांना आधी काही दाखवलं नव्हतं, आणि आता सगळ्यांसमोर सांगता येत नव्हतं.

आबा उठले. कुणाकडे न बघता त्यांनी फेटा सारखा केला, काठी घेतली, दारात गेले आणि एका चपलेत पाय घातला. मोटारीचा आवाज तेवढा चढत होता.

तेव्हा नंदा बोलली. लग्न झाल्यापासून ती आबांसमोर एक शब्द बोलली नव्हती. हातातला ट्रे खाली न ठेवता ती म्हणाली, "आबा, थांबा. नावं संपली न्हाईत अजून."

नवी सून थांबा म्हणाली, या धक्क्यानेच बहुधा, आबा थांबले आणि वळले. पडद्यावर रिकामा मांडव होता, एक खुर्ची आणि त्यांची स्वतःची पाठ. मोटार एकदम बंद पडली. पडदा काळा झाला. ‘आणि’ असा एकच शब्द आला आणि गेला. मग सगळ्या पडद्यावर एकच नाव आलं: श्री. गेनभाऊ आबा.

आबांनी काठी पडद्याकडे केली. मग म्हणाले, "म्हंजे शेवटाला?"

भावकी कुजबुजली. आमच्याकडच्या पत्रिकेत शेवटाला म्हणजे मंडपवाल्याच्या वर. मी लहानपणापासून ज्याला सर्वांत मोठा मान समजत आले, तो या ओसरीवर दुसरा अपमान ठरत होता, आणि तोही आठ दिवस खपून मीच तयार केलेला. तात्या उठले. त्यांनी आबांना पिक्चरच्या नावांचं शास्त्र सांगितलं. बाकीची नावं घोळक्याने येतात, ‘आणि’ लावून एकट्याचं येतं ते मालकाचं, आणि त्याच्यासाठी पडदा मोकळा करून थांबावं लागतं.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठावं हाय मला. मी बी दुपारचे पिच्चर बघतो. पन ‘आनि’वाला मानूस खुनी निगतो, पावणं."

दुसऱ्या कुणीही इथे नाही-नाही म्हटलं असतं. पण नावांच्या बाबतीत तात्यांना खोटं बोलता येत नव्हतं. ते म्हणाले, "निगतो कवाकवा. पन त्याच्याबिगर पिच्चर व्हत नाय, आबा."

आबांच्या मिशीचा एक कोपरा हलला. त्यांनी चपलेतून पाय काढला, दिवाणावर येऊन बसले आणि म्हणाले, "म्हागं घ्या कॅशेट."

त्या दुपारी आम्ही नावं तीनदा बघितली. प्रत्येक वेळी ‘आणि’ आलं की आबा काठी सरळ धरत. लग्न कुणी बघितलंच नाही, तिसऱ्या वेळी नावं संपली आणि लाइट गेली. निघताना आबा दारापर्यंत आले. म्हणाले, "आखाडाला न्यायाला तुमी येताय, का आमीच आनून सोडू?" तात्यांच्या आधी मीच म्हणाले, आम्ही येतो.

पुढच्या लग्नसराईत पोपटभाऊंचं जगणं अवघड झालं. ज्याला त्याला शेवटाला नाव हवं, तेही ‘आणि’ लावून. एका कॅसेटीत तर मी नऊ वेळा ‘आणि’ टाकलं, आणि नववा माणूस आठव्याशी अजून बोलत नाही असं ऐकते. कट्यार-लिंबाची मागणी मात्र कुणी केली नाही. पोपटभाऊंनी बदाम परत आणले.

नंदा आखाडात आली. रविवारी केबलवाल्याने पिक्चर सोडला, लाइट होती, अक्षरं लाल होती. नंदा भाकरी टाकून पिठाच्या हाताने धावत आली आणि भिंतीला टेकून बसली. तात्यांनी एकदा मागे वळून मोजल्यासारखं बघितलं. चौघं होतो. मग ते टीव्हीकडे वळले, आणि त्या दिवशी त्यांनी ‘और’ला मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

हे सगळं परवा आठवलं, आणि मला राहवेना. मी फोन परत घेतला आणि नंदाच्या मुलीची पत्रिका पहिल्यापासून लावली. पाकळ्या, सनई, नवरानवरी. मग नावं. आशीर्वाद देणाऱ्यांत आबांचं नाव शोधलं, तिथे नव्हतं. आबा आहेत अजून, नव्वदीला आले आहेत. ते मला सापडले खाली, स्वागतोत्सुकांत, दोन चुलत नातवांच्या मधे, बारीक अक्षरात. सनई थांबली. पडदा काळा झाला. मला वाटलं फोन बंद पडला. तेवढ्यात ‘आणि’ आलं. मग सगळ्या पडद्यावर एकच नाव.

मारुती तात्या, मोटारवाले.

मी नंदाला फोन केला. ‘आणि’ एवढंच म्हणाले, तिला कळलं. म्हणाली, "आबांनीच सांगितलं गं. म्हनले, कैलासवासी लावून त्यांना वर टांगू नका. ती शेवटची जागा आता त्यांची. माझं कुठं बी घाला."

लेक माझ्याकडे बघत होती. काय झालं म्हणून विचारत होती, आणि मला कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. मग तिनेच माझ्या हातातून फोन घेतला, पत्रिका पुन्हा पहिल्यापासून लावली आणि अंगठा मुठीत धरून माझ्या शेजारी बसली. नावं संपेपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.